आरशातला सैनिक

श्रोतेहो, नमस्कार. आज मी आपल्याशी एका जिगसॉबद्दल, म्हणजे तुकडे जुळवून चित्र पुरे करण्याच्या कोड्याबद्दल, बोलणार आहे. त्याच्या पाचशे तुकड्यांत डोंगर नाहीत की फुलांचे ताटवे नाहीत. अमेरिकेच्या यादवी युद्धातील, म्हणजे १८६१ ते १८६५ या काळातील, एका अनाम सैनिकाचा तपकिरी फोटो तेवढा आहे.

जिगसॉचा खेळ मुळात भूगोल शिकवण्यासाठी निघाला. १७६० च्या दशकात लंडनमधील जॉन स्पिल्सबरी या नकाशे कोरणाऱ्या कारागिराने लाकडी फळीवर नकाशा चिकटवला आणि देशांच्या सीमांवरून तो कापून मुलांच्या हाती दिला. तेथे सीमाच वाट दाखवीत असे. रंगीत देखाव्यात रंग वाट दाखवतात. सैनिकाच्या जुन्या फोटोत मात्र निम्मे तुकडे एकाच गडद कोटाचे असतात, आणि म्हणून कापडाची चुणी, शिवण, बटणाखाली पडलेली सावली, एवढ्याच आधारावर पुढे सरकावे लागते. माझा आणखी एक आग्रह असतो, तो म्हणजे खोक्याचे झाकण उलटे करून ठेवायचे आणि चित्राकडे न पाहता जुळवायचे. झाकण समोर ठेवले की आपण हातातल्या तुकड्याकडे नीट पाहतच नाही, असे माझे ठाम मत आहे.

तर मी कडा पूर्ण केल्या आणि कमरेच्या पट्ट्यापाशी आलो. पट्ट्याचे लंबगोल बक्कल, त्यावर ‘यू’ आणि ‘एस’ ही दोन रोमन अक्षरे, हे त्या युद्धातील उत्तरेकडच्या, म्हणजे संघराज्याच्या, सैन्याचे ओळखीचे चिन्ह होते. ‘यू’चा तुकडा चटकन बसला. ‘एस’ त्याच्या उजवीकडे यायला हवा होता. पण तिथे बसणारा एकही तुकडा सापडेना, आणि जो ‘एस’ हाती लागला तो उलटा होता, पाटीवर लहान मुलाने चुकून गिरवावा तसा. मी तो तुकडा सदोष समजून बाजूला ठेवला आणि पूर्ण संध्याकाळ सुलट ‘एस’ शोधण्यात घालवली.

दुसऱ्या दिवशी माझी आत्या आली. तिने आयुष्यभर शिवणकाम केले आहे. ती खुर्ची ओढून बसली, जुळलेल्या छातीच्या भागावरून, त्या पितळी बटणांच्या रांगेवरून, तिने बोट फिरवले आणि म्हणाली, “अरे, हा कोट बायकी कसा? पुरुषाच्या कोटाची डावी बाजू उजवीवर येते. इथे उजवी डावीवर आली आहे. शिंपी अशी चूक करणार नाही.” मी बाजूला ठेवलेला तो उलटा ‘एस’ उचलला आणि ‘यू’च्या डावीकडे लावला. खट्‌कन बसला.

श्रोतेहो, शिंपी चुकला नव्हता आणि छापणाराही चुकला नव्हता. हे चित्रच आरशातले होते. त्या काळी सैनिक बहुधा टिनटाइप काढून घेत. अमेरिकेत १८५६ साली पेटंट मिळालेल्या या पद्धतीत काळे रोगण दिलेल्या लोखंडी पत्र्यावर रसायनाचा थर देऊन, तो ओला असतानाच, थेट फोटो घेतला जाई. मध्ये निगेटिव्ह नाही, म्हणून उलटलेले पुन्हा सुलटे होणे नाही. पत्र्यावर उमटले ते उलटेच राहिले. पुन्हा सांगतो, हे चित्र आरशातले असते: डावे ते उजवे, उजवे ते डावे. काही सैनिक तर हे जाणून फोटोपुरता आपला जामानिमा उलट्या बाजूला चढवीत.

पत्रा उजेड टिपेपर्यंत काही सेकंद स्तब्ध राहावे लागे, त्यासाठी डोक्यामागे लोखंडी टेकू लावत; चेहऱ्यावरचा तो ताठरपणा पुष्कळदा त्या टेकूचा असतो, स्वभावाचा नव्हे. नंतर गालांवर किंचित गुलाबी रंग आणि बटणांवर सोनेरी ठिपके हाताने भरले जात. माझ्या कोड्यातील गुलाबी तुकडे अवघे तीन होते, आणि त्या तीन तुकड्यांनीच मला चेहऱ्याची जागा दाखवली. हल्ली असे फोटो संगणकावर पूर्ण रंगवून छापतात, ते मला मुळीच पटत नाही. कोटाची निळाई आपल्या अंदाजाची असते, ते तीन गुलाबी ठिपके मात्र त्या सैनिकाच्या हयातीतले असतात.

शेवटचा तुकडा डाव्या डोळ्याखालचा होता. तो बसल्यावर आत्या उठली, आतून आरसा घेऊन आली आणि टेबलाच्या कडेला उभा धरला. आरशात बक्कलावरची अक्षरे सुलटी झाली, कोट पुरुषाचा झाला आणि केसांचा भांग दुसऱ्या बाजूला गेला. निरोप देताना त्याच्या घरच्यांनी पाहिलेला चेहरा तो होता; आम्ही दोघे बराच वेळ टेबलाकडे न पाहता आरशाकडेच पाहत होतो.