निजलेला जंतू

दसरा उलटला की बीड जिल्ह्यातल्या गावांमधून ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. या ट्रॉलीत पत्र्याची पेटी आहे, गोधड्या आहेत, कोपीचे, म्हणजे फडावरच्या झोपडीचे, बांबू आहेत आणि एका गाठोड्यात कॅरीबॅगमध्ये गुंडाळलेल्या क्षयाच्या गोळ्यांच्या पट्ट्या आहेत. त्यांतल्या दोन पट्ट्या फोडलेल्याच नाहीत.

क्षयाचा जंतू अत्यंत संथ आहे. पुष्कळसे जंतू अर्ध्या तासात दुप्पट होतात, याला त्यासाठी साधारण १८ ते २४ तास लागतात. फुप्फुसात तो शिरला की शरीराच्या पेशी त्याच्याभोवती कडे करतात. त्या गाठीचा मधला भाग मरतो, खरवसासारखा घट्ट होतो आणि तिथे, प्राणवायू कमी असलेल्या जागी, काही जंतू जवळजवळ निजून राहतात. औषधांचा मारा मुख्यतः वाढणाऱ्या जंतूंवर बसतो. पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल ही चार औषधे मिळून जागे असलेले जंतू झपाट्याने मारतात, म्हणून ताप उतरतो, खोकला कमी होतो, भूक लागते. पुढचे चार महिने तीन औषधे चालतात ती या निजलेल्यांसाठी, जे अधूनमधून जागे होतात तेव्हाच सापडतात. नेमक्या याच काळात माणसाला आपण बरे झालो असे वाटते. त्यातच रिफॅम्पिसिनने लघवी नारिंगी होते, घरातले म्हणतात औषध उष्ण पडले, आणि डोस सुटतो.

सगळा डोस पूर्ण करूनही आजार उलटू शकतो. फुप्फुसात मोठी पोकळी झालेली असेल, वजन भरलेले नसेल, मधुमेह, एचआयव्ही, तंबाखू किंवा दारू असेल, तर धोका वाढतो. शेजारच्या कोपीतल्या रुग्णाकडून नव्यानेही लागण होते. जुना जंतू उठला की नवा आला, हे जनुकीय तपासणीशिवाय कळत नाही. अर्धवट औषधांतून तगलेले जंतू औषधांना दाद देईनासे होतात, आणि मग उपचार अवघड होतो.

उलटणारा आजार बहुधा पहिल्या दोन वर्षांत उलटतो, म्हणून उपचार संपल्यावर ६, १२, १८ आणि २४ महिन्यांनी तपासणी सांगितलेली आहे. ऊसतोडीवर जाणाऱ्यांच्या बाबतीत यांतली एखादी तारीख हमखास फडावर येते.

ही मुकादमाची वही. हिच्यात कोयता, म्हणजे तोडणीचे जोडपे, आहे, आगाऊ घेतलेली उचल आहे, खाडा आहे; गोळ्यांसाठी रकाना नाही, आणि तो असायला हवा. निक्षय क्रमांक, म्हणजे क्षयरुग्णाचा सरकारी नोंदणी क्रमांक, दाखवला तर फडाजवळच्या सरकारी दवाखान्यातही पुढच्या गोळ्या मिळू शकतात. आशाताई तो क्रमांक पेटीच्या झाकणावर आतून खडूने लिहीत आहेत.