लसूण ठेचून लगेच तेलात टाकता का? जरा थांबा

नमस्कार मंडळी, सोलापूरहून बोलतेय, आणि बोलायच्या आधी हे हातातलं बघा. ही लसणाची एक पाकळी, आत्ताच सोललीय, नाकापाशी धरली तरी वास नाहीच म्हणा ना. आता बत्त्याचा एकच ठोका घालते... झालं, अख्ख्या किचनमध्ये सुटला बघा वास. लसणाचा जो काही गुण आहे ना तो ह्या ठोक्यानंतर तयार होतो, आधी नसतो.

होतं काय, पाकळीत ॲलिइन नावाचा एक पदार्थ असतो आणि शेजारच्याच पण वेगळ्या कप्प्यात ॲलिनेज नावाचं एन्झाइम, म्हणजे एका पदार्थाचा दुसरा पदार्थ करणारं प्रथिन. ठेचलं, चिरलं, चावलं की कप्पे फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि ॲलिसिन बनतं, तोच तो झणझणीत वास. 1944 साली अमेरिकेत कॅव्हॅलिटो आणि बेली ह्या दोघांनी ते वेगळं काढलं आणि त्यानं जंतू मरतात हे दाखवलं. पण ते लॅबमध्ये हां, म्हणून ताप आला की डॉक्टरकडं न जाता लसूण खात बसायचं असं नाही.

आता आपली चूक कुठं होते, तर आपण लसूण ठेचतो आणि त्याच हातानं कडकडीत तेलात टाकतो. एन्झाइमला उष्णता सोसत नाही, त्याचं काम व्हायच्या आतच ते संपतं. म्हणून ठेचून दहा मिनिटं ताटलीत राहू द्या, तेवढ्यात कांदा चिरून होतो की, मग टाका फोडणीत. सगळंच टिकतं असं नाही, पण बरंच हाताला लागतं. आणि आपली शेंगा चटणी बघा, शेंगदाणे भाजलेले पण लसूण कच्चाच, उखळात तेल सुटेपर्यंत कुटलेला. माझी आजी मिक्सरला हात लावू द्यायची नाही, कुटलेल्या चटणीचीच चव खरी म्हणायची, आणि ताजी ताजी भाकरीवर घेतली तर खरंच तिला तोड नाही.

फायदा किती म्हणाल, तर ज्यांचं बीपी वाढलेलं असतं त्यांचं थोडं उतरतं, कोलेस्टेरॉलही थोडं, आणि हे बहुतेक अभ्यास लसणाच्या पावडरीच्या किंवा अर्काच्या गोळ्या देऊन केलेत, दोन पाकळ्यांवर नाही. थोडं म्हणजे थोडंच. हे मी एवढं जीव तोडून का सांगतेय, तर आमच्या नात्यातल्या एका काकांनी मोबाईलवर आलेला मेसेज वाचून उपाशीपोटी लसूण चालू केला आणि बीपीची गोळी बंद केली, घरात कुणाला सांगितलंही नाही, तीन आठवड्यांनी गरगरायला लागलं तेव्हा काकूंना कळलं. कृपा करून असं करू नका. लसूण जेवणात खा, गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका.

रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल, ऑपरेशन ठरलं असेल, तर रोज कच्चा लसूण खाताय हे डॉक्टरांना सांगाच, लसणानंही रक्त गोठायला वेळ लागतो. ॲसिडिटीवाल्यांनी उपाशीपोटी नकोच. ठेचलेला लसूण कातडीवर बांधून ठेवू नका, भाजल्यासारखे फोड येतात, लहान पोरांना तर अजिबात नको. आणि सोललेला लसूण तेलात बुडवून बरणी बाहेर ठेवायची सवय असेल तर मोडा, हवा नसली की त्यात बोट्युलिझम ह्या विषबाधेचे जंतू वाढू शकतात आणि त्यांचं विष जिवावर बेततं. फ्रीजमध्ये ठेवा, चार दिवसांत संपवा.

राहिला तोंडाचा वास. ब्रश करून तो पूर्ण का जात नाही, तर लसणातला एक गंधकाचा पदार्थ रक्तात जातो आणि श्वासातून बाहेर पडत राहतो. जेवतानाच दूध किंवा दही घेतलं तर वास कमी होतो, आणि आपल्याकडं शेंगा चटणीवर घट्ट दही घालून कालवतातच की.