आधी सुई, मग गोळी

[दृश्य: सकाळचे पावणेसात. ओट्यावर चहाचं आधण. बाजूला गोळ्यांची पांढरी बाटली. एक हात झाकण उघडून एक गोळी तळहातावर घेतो.]

मसुराच्या दाण्याएवढी गोळी. थायरॉइड ग्रंथी मंद असली की रोज घ्यायची. हिच्यात त्या ग्रंथीचं हार्मोन, थायरॉक्सिन, आहे ५० मायक्रोग्रॅम. एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले, तर त्यातले फक्त पन्नास. एक ग्रॅम थायरॉक्सिन घेतलं तर अशा २०,००० गोळ्या होतील. रोज एक घेतली तरी एका माणसाला जवळजवळ ५५ वर्षं पुरतील.

इतकं मोजून-मापून दिलेलं औषध आपण घरात कसं घेतो? एका हातात गोळी आणि दुसऱ्या हातात चहाचा कप. त्यावरच कॅल्शियमची गोळी, नाहीतर लोहाची. आणि सहा महिन्यांनी टीएसएचचा आकडा वाढलेला आला की म्हणतो, "माझा थायरॉइड वाढला." खरं तर उलट. टीएसएच म्हणजे थायरॉइडला 'काम कर' असं सांगणारं हार्मोन. थायरॉक्सिन कमी पडलं की ते वाढतं, जास्त झालं की घटतं.

[दृश्य: बैठकीची खोली. टीपॉयवर दोन रिपोर्ट शेजारी शेजारी.]

हे दोन्ही रिपोर्ट माझ्या वहिनीचे आहेत. थायरॉइड ग्रंथी मंद असल्याचं निदान होऊन तिला नऊ वर्षं झाली. गोळी कधी चुकवत नाही. गेल्या वर्षी नेहमीप्रमाणे तपासणी केली, तर टीएसएच एकदम तळाला आणि फ्री टी४, म्हणजे रक्तातलं मोकळं थायरॉक्सिन, वर. कागदावर बघितलं तर ग्रंथी मंद नाही, उलट उधळलेली. पहिल्या ठिकाणी रिपोर्ट बघून गोळी निम्म्यावर आणायला सांगितलं. नाडीला कुणी हात लावला नाही.

तिचं मन घेईना, म्हणून आम्ही दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला. "दोन्ही हात पुढे करा, बोटं पसरा," म्हणाल्या, आणि पसरलेल्या बोटांवर एक कोरा कागद ठेवला. थायरॉइड खरोखर वाढलेला असेल तर तो कागद थरथरतो. वहिनीच्या हातावरचा कागद हलला नाही. नाडी ७२. वजन होतं तेवढंच. धडधड नाही, घाम नाही, झोप उत्तम.

मग त्यांनी विचारलं, "ताई, केसांसाठी काही घेताय का?"

घेत होती. केस फार गळायला लागले म्हणून चार महिन्यांपासून बायोटिन, रोज १०,००० मायक्रोग्रॅम. औषधाच्या दुकानातून स्वतःच आणलेलं. प्रौढ माणसाची दिवसाची गरज साधारण ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे तीनशे पटींहून जास्त. डॉक्टरांना सांगायचं तिच्या डोक्यातच आलं नाही, कारण तिच्या लेखी ते औषध नव्हतंच. जीवनसत्त्व होतं.

[दृश्य: प्रयोगशाळा. फिरणारं यंत्र, रक्ताच्या नळ्यांची रांग.]

आता हे केसांचं जीवनसत्त्व थायरॉइडच्या रिपोर्टमध्ये कसं शिरलं, ते नीट बघण्यासारखं आहे.

अनेक प्रयोगशाळांमधल्या यंत्रांत चुंबकीय कणांचा वापर होतो. त्या कणांवर स्ट्रेप्टाव्हिडिन नावाच्या प्रथिनाचा थर असतो. या प्रथिनाची बायोटिनशी घट्ट जोडी आहे. निसर्गातल्या सर्वांत पक्क्या बंधांपैकी एक. म्हणून तपासणीची रसायनं बनवणारे बायोटिनचा उपयोग हुकासारखा करतात. टीएसएचचा रेणू दोन अँटिबॉडींच्या, म्हणजे नेमका तोच रेणू धरणाऱ्या प्रथिनांच्या, मध्ये पकडला जातो. एका अँटिबॉडीला बायोटिनची शेपटी असते, दुसरीला प्रकाश देणारा रेणू. शेपटी कणाला चिकटते, न चिकटलेलं सगळं धुऊन टाकलं जातं आणि उरलेल्याचा प्रकाश मोजला जातो. प्रकाश जास्त, म्हणजे टीएसएच जास्त.

एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं रक्तात मोकळं फिरणारं बायोटिन इथे करतं. कणांवरच्या जागा आधीच अडवून बसतं. ज्याला बसायचं होतं तो टीएसएच खालीच राहतो आणि धुतला जातो. प्रकाश मंद पडतो आणि यंत्र लिहितं: टीएसएच कमी.

फ्री टी४ची मोजणी मात्र उलट्या बाजूने होते. तिथे प्रकाश जितका मंद, तितका हार्मोन जास्त, असं यंत्राला शिकवलेलं असतं. बायोटिनने जागा अडवल्या की तिथेही प्रकाश मंद होतो, पण यंत्र लिहितं: टी४ जास्त. दोन्ही आकडे चुकले, आणि चुकले ते नेमके असे की एकमेकांची साक्ष द्यावी. टीएसएच खाली, टी४ वर, म्हणजे थायरॉइड वाढल्याचं हुबेहूब चित्र. म्हणूनच हे इतकं फसवं आहे.

सगळ्याच यंत्रांत असं होत नाही, आणि काही कंपन्यांनी आपली रसायनं सुधारलीही आहेत. पण आपलं रक्त कुठल्या यंत्रात जाणार, हे आपल्याला कुठे माहीत असतं? अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने २०१७ साली याबद्दल जाहीर इशारा दिला. त्यात बायोटिनमुळे हृदयविकाराच्या ट्रोपोनिन तपासणीचा आकडा खोटा कमी आल्याची आणि रुग्ण दगावल्याचीही नोंद होती.

मला यात सगळ्यात जास्त लागतं ते हे: थायरॉइड मंद असलेल्या बाईचे केस त्या आजारामुळेच गळतात. ती केसांसाठी बायोटिन घेते. बायोटिन रिपोर्ट बिघडवतं. बिघडलेल्या रिपोर्टवरून तिची थायरॉइडची गोळी कमी होते, आणि केस आणखी गळतात.

[दृश्य: पुन्हा ओटा. चहा गाळला जातो.]

दुसरी गोष्ट शोषणाची. इथे यंत्र खरं बोलतं, गोळीच रक्तात पोचलेली नसते. कॅल्शियम आणि लोह थायरॉक्सिनला आतड्यातच धरून ठेवतात. म्हणून त्यांच्यात आणि या गोळीत चार तासांचं अंतर लागतं. कॉफीनेही शोषण घटतं. आम्लपित्ताच्या काही गोळ्यांनी जठरातलं आम्ल कमी होतं, त्याचाही परिणाम होतो. सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि पुढे अर्धा ते एक तास काही नाही, हा नेम त्यासाठी. पहाटेची गाडी पकडणाऱ्यांना हे जमत नाही, हे मी जाणतो. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१० साली दाखवून दिलं की रात्री झोपताना, जेवणानंतर काही तासांनी घेतलेली गोळीही चांगली लागू पडते. डॉक्टरांशी बोलून वेळ ठरवा आणि मग ती मोडू नका.

[दृश्य: गावातलं उपकेंद्र. आशाताई एका गरोदर मुलीच्या हातात लाल गोळ्यांची पट्टी देतात.]

इथे घाई करून चालणार नाही. गरोदरपणात लोहाच्या लाल गोळ्या मिळतात, कॅल्शियमच्याही मिळतात, आणि दोन्ही घ्यायलाच हव्यात. पण हिला थायरॉइडचीही गोळी चालू असेल तर? पोटातलं बाळ पहिले तीन महिने आईच्याच थायरॉक्सिनवर असतं. तिन्ही गोळ्या एका घोटात गेल्या तर नुकसान दोघांचं. पहाटे थायरॉइडची, दुपारी जेवणानंतर कॅल्शियम, रात्री लोह, अशी काहीतरी आखणी तिला कुणीतरी कागदावर लिहून द्यायला हवी. चित्र काढून दिली तर उत्तमच.

[दृश्य: रक्त घेणारा मुलगा जिना चढतो. खांद्यावर निळी पेटी.]

तपासणीच्या दिवसाचं. गोळी घेतल्यावर दोन ते चार तासांत रक्तातला फ्री टी४ तात्पुरता वर चढतो, कधी वीसेक टक्क्यांपर्यंत. म्हणून आधी रक्त, मग गोळी. टीएसएच मध्यरात्रीनंतर सर्वांत जास्त असतो आणि दुपारी खाली येतो. मागची तपासणी सकाळी आठला केली असेल तर हीही आठच्या सुमारास करा, नाहीतर दोन आकड्यांची तुलना कशी करणार? डोस बदलल्यावर सहा आठवडे तरी थांबावं लागतं.

काही जण "खरा आकडा कळू दे" म्हणून आठवडाभर गोळीच बंद ठेवतात. तसं मुळीच करू नका. तुमची गोळी पुरते की नाही, हेच तर बघायचं असतं. आणि महिनाभर विसरून शेवटचे चार दिवस भराभर घेतल्या, तर टी४ ठीक दिसतो, टीएसएच मात्र वरच राहतो. अनुभवी डॉक्टर ते ओळखतात. त्यापेक्षा स्वतःच सांगितलेलं बरं.

बायोटिन मात्र तपासणीआधी किमान दोन दिवस थांबवायचं. डोस मोठा असेल किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आणखी आधी, डॉक्टरांना विचारून.

वहिनीने बायोटिन थांबवलं, थायरॉइडची गोळी होती तेवढीच ठेवली. पाच दिवसांनी पुन्हा रक्त दिलं. टीएसएच आला २.८, म्हणजे अगदी ठीक.

[दृश्य: वहिनी बाही वर करते. दंडाला पट्टा बांधला जातो.]

"काकू, उपाशी आहात ना?" मुलगा विचारतो. त्याच्या अर्जावर तेवढाच एक रकाना आहे.

"उपाशी आहे. थायरॉइडची गोळी अजून घेतलेली नाही, ती बघ तिथे ठेवलीय. केसांची सोमवारपासून बंद आहे. लिही."

"कुठे लिहू?"

"समासात लिही," वहिनी म्हणते, आणि तो लिहून होईपर्यंत हात पुढे करत नाही.