२१ जानेवारी १९१९: गोल सभागृहातली संसद

(जुनी मूक चित्रफीत: डॉसन स्ट्रीट, गर्दी)

डब्लिन, ब्रिटिश राजवटीतल्या आयर्लंडची राजधानी. मंगळवारची दुपार. मॅन्शन हाऊस हे लॉर्ड मेयरचं निवासस्थान. या टोप्या, हे ओव्हरकोट निघालेत त्याच्या गोल सभागृहाकडे. १८२१ साली राजा चौथा जॉर्ज येणार म्हणून ते उभारलं होतं. आज इथंच ब्रिटिश राजाची सत्ता झुगारून आयर्लंडची स्वतःची संसद भरवायची आहे. थोड्या वेळापूर्वी याच वास्तूत जर्मन कैदेतून सुटलेल्या रॉयल डब्लिन फ्युझिलिअर्सना, म्हणजे ब्रिटिश फौजेतल्या आयरिश जवानांना, मेजवानी झाली!

(सभागृहाचं छायाचित्र)

साडेतीन वाजता कामकाज सुरू. डिसेंबरच्या निवडणुकीत आयर्लंडच्या १०५ जागांपैकी ७३ स्वातंत्र्यवादी शिन फेन पक्षाच्या पदरात पडल्या. लंडनच्या संसदेत बसणार नाही, हे पक्षानं मतं मागतानाच सांगितलं होतं. निमंत्रणं मात्र विरोधकांनाही गेली. त्यांच्यातलं कुणी फिरकलं नाही.

अध्यक्षस्थानी शिन फेनचे काहल ब्रुहा. हजेरी आयरिश भाषेत. ३४ नावांना एकच उत्तर: परक्यांच्या कैदेत. सभागृहात प्रत्यक्ष २७ जण. पक्षाचे नेते मायकेल कॉलिन्स आणि हॅरी बोलंड हजर असल्याची नोंद झाली, पण दोघंही होते इंग्लंडमध्ये, पक्षाध्यक्ष डी व्हॅलेरांना लिंकन शहरातल्या तुरुंगातून पळवण्याच्या तयारीत. त्यांची गैरहजेरी सरकारच्या लक्षात येऊन चालणार नव्हतं.

(दस्तऐवजांची पानं, जवळून)

मग राज्यघटना. कलमं अवघी पाच, पण कच्ची नाहीत. मंत्रिमंडळाला पैसा हवा, तर सभागृहाची मंजुरी हवी. तपासलेले हिशेब वर्षातून दोनदा, मे आणि नोव्हेंबरमध्ये मांडायचे. हिशेब तपासनीस सभागृहानं नेमायचा, मात्र तो सदस्य नसावा. घटना तात्पुरती, बदलायची तर सात दिवसांची लेखी सूचना. बंडखोरांच्या कागदात इतकी कारकुनी शिस्त क्वचितच सापडते.

स्वातंत्र्याची घोषणा आयरिश, इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये वाचली गेली. फ्रेंच कशाला? तीनच दिवसांपूर्वी पॅरिसची शांतता परिषद सुरू झाली होती, आणि आयर्लंडला तिथं खुर्ची हवी होती. ‘लोकशाही कार्यक्रम’ या सामाजिक धोरणाच्या जाहीरनाम्याचा मूळ मसुदा कामगार नेते थॉमस जॉन्सन यांचा. आदल्या रात्री शॉन टी. ओ'केली यांनी त्यातला समाजवाद बराच सौम्य केला.

दोन तासांत सभा आटोपली.

(टिपरेरीचा नकाशा)

त्याच दिवशी टिपरेरी परगण्यात सोलोहेडबेगला स्फोटकांची गाडी लुटताना आयरिश स्वयंसेवकांच्या, म्हणजे स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या सशस्त्र दलाच्या, गोळ्यांनी दोन पोलीस ठार झाले. सप्टेंबरमध्ये ब्रिटिशांनी या संसदेवर बंदी घातली. त्या दिवशी सुरू झालेल्या स्वातंत्र्ययुद्धात युद्धविराम झाला जुलै १९२१ मध्ये.

(रंगीत दृश्यं: २१ जानेवारी २०१९)

शताब्दीला संसदेची दोन्ही सभागृहं इथंच एकत्र बसली.