तरण्या कुत्र्याला दुसरं घर देताना

(शेल्टर म्हणजे प्राण्यांच्या निवाऱ्यातले स्वयंसेवक, कुत्र्याला तात्पुरतं घरी ठेवणारी फॉस्टर कुटुंबं आणि कुत्रा दत्तक घेऊ इच्छिणारे यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, आज ज्या कुत्र्याबद्दल बोलायचं आहे तो तुम्ही सगळ्यांनी पाहिलेला आहे. वय आठ महिने ते दोन वर्षं. बहुतेक वेळा लॅब्रडॉर, कधी हस्की, कधी बीगल, आणि अलीकडे बेल्जियन मॅलिनॉइससुद्धा. दीड-दोन महिन्यांचं पिल्लू म्हणून फ्लॅटमध्ये आणलेला. आता तो आल्यागेल्याच्या अंगावर उड्या मारतो, सोफ्याचा कापूस काढतो, पट्टा ओढून आजोबांना जिन्यात धडपडवतो. मग एक दिवस घरचे त्याला गाडीत घालून शेल्टरवर आणतात आणि फॉर्मवर कारण लिहितात, 'फार एनर्जी आहे'.

हे कारण तसंच्या तसं रजिस्टरमध्ये उतरवू नका. त्याच्या पोटात निदान चार निरनिराळ्या गोष्टी असतात आणि प्रत्येकीचा इलाज वेगळा. पहिली म्हणजे वय. ब्रिटनमधल्या संशोधकांनी २०२० साली मार्गदर्शक कुत्र्यांच्या संस्थेतल्या लॅब्रडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड आणि त्यांच्या संकरांचा अभ्यास केला. पाच महिन्यांचा असताना 'बस' म्हटल्यावर बसणारा कुत्रा आठव्या महिन्यात स्वतःच्याच माणसाचं ऐकेनासा होतो. परक्याचं मात्र ऐकतो. म्हणजे आज्ञा तो विसरलेला नसतो. हा काळ पुढे ओसरतो, पण आपल्याकडे नेमका त्याच काळात कुत्रा घराबाहेर जातो. दुसरी गोष्ट, दिवसभर एकटेपणा. तिसरी, झोप न मिळणं. चौथी, दुखणं किंवा खाज. हो, खाजसुद्धा. गोचिडांनी बेजार झालेला किंवा त्वचेची ॲलर्जी असलेला कुत्रा रात्रभर येरझाऱ्या घालतो आणि घरच्यांना तो 'हायपर' वाटतो.

म्हणून कुत्रा ताब्यात घेताना मालकाशी अर्धा तास बसा, आणि त्या अर्ध्या तासात त्याला एक शब्दही टोचून बोलू नका. राग येतो, मान्य. पण रागावलेल्यासमोर माणूस खोटं बोलतो, आणि त्या खोट्याची किंमत पुढच्या घरातलं मूल चावा खाऊन मोजतं. 'चावतो का?' असं विचारलंत तर उत्तर 'नाही' हेच येणार. त्याऐवजी विचारा: तोंडातली वस्तू काढून घेतली तर काय करतो? जेवताना कोणी जवळून गेलं तर? कातडीवर दात कधी लागले, रक्त आलं का, टाके पडले का? घरी एकटा राहिल्यावर शेजाऱ्यांची तक्रार येते का? कुठे झोपतो, किती तास? लिफ्टमध्ये, गाडीत, फटाक्यांच्या आवाजाला कसा वागतो? लहान मुलं आणि मांजरं यांच्याबरोबर प्रत्यक्ष राहिला आहे, की फक्त लांबून पाहिलं आहे?

कागद त्याच बैठकीत घ्या: लसीकरणाचं मूळ पुस्तक, महापालिकेचा परवाना असेल तर तो, मायक्रोचिपचा १५ अंकी क्रमांक, आणि मालकी सोडल्याचं सही केलेलं पत्र. हे पत्र नसलं की तीन आठवड्यांनी मेव्हण्याचा फोन येतो, 'आमचा कुत्रा परत द्या.' मालकाने शेल्टरपर्यंत येणं हीच खरं तर चांगली गोष्ट आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा भुकेने-तहानेने हाल होतील अशा स्थितीत कुत्रा सोडून देणं गुन्हा ठरवतो, पण कलम ११ मध्ये पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. त्या दंडाच्या भीतीने महामार्गावर कुत्रा सोडायचं कोणी थांबेल, असं मला वाटत नाही.

आता तपासणी. नवा कुत्रा १४ दिवस वेगळा ठेवायचा. पार्व्हो या विषाणूजन्य रोगाची लक्षणं लागणीनंतर साधारण आठवड्याभरात दिसतात, क्वचित दोन आठवडे घेतात. सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, करून प्लेटलेट पाहायच्या, कारण आपल्या हवेत, विशेषतः पावसाळ्यात, एर्लिकिया आणि बबेसिया हे गोचीडताप सर्रास असतात. कान, दात, नखं आणि मागच्या पायांचे खुबे डॉक्टरांनी हात लावून पाहायचे. लॅब्रडॉर आणि शेफर्डमध्ये खुब्याचा दोष लहान वयातही सापडतो, आणि अशा कुत्र्याला 'पळवा म्हणजे शांत होईल' हा सल्ला दिला तर त्याचे हाल होतात.

खाण्याचा हिशेब एकदाच मांडतो. नुसतं पडून असताना लागणारी ऊर्जा काढायची ती किलोतल्या वजनाचा ०.७५ वा घात घेऊन आणि त्याला ७० ने गुणून. २८ किलोच्या कुत्र्याला येतात साधारण ८५० किलोकॅलरी. नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्यासाठी त्याच्या १.६ पट, म्हणजे सुमारे १३६०. कोरड्या खाण्यात १०० ग्रॅमला ३५० ते ४०० किलोकॅलरी असतात. पिशवीवरचा आकडा पाहा. दिवसाला ३४० ते ३९० ग्रॅम झालं. खाणं बदलायचं असेल तर सात दिवसांत, जुन्यात नवं चौथाई-चौथाई मिसळत. नव्या घरात पहिल्या दिवशी जुलाब लागले की घरचे घाबरतात आणि दोष कुत्र्याला देतात.

यानंतरचा भाग सगळ्यांत महत्त्वाचा आणि सगळ्यांत जास्त चुकणारा. उत्साही कुत्रा म्हटला की सगळे एकच सांगतात: दमवा. सकाळी एक तास चेंडू, संध्याकाळी एक तास चेंडू. पहिल्या आठवड्यात तो खरंच निपचित पडतो. तिसऱ्या आठवड्यात त्याचा दम वाढलेला असतो आणि आता त्याला दीड तास लागतो. शिवाय चेंडूमागे सुसाट धावण्यात शरीर ज्या उत्तेजनेवर चढतं ती घरी आल्यावर लगेच उतरत नाही. दाराची बेल वाजली की तोच कुत्रा पुन्हा उसळतो. त्याला शिकायचं आहे ते उत्तेजनेवरून खाली यायला, आणि हे केवळ दमण्यातून येत नाही.

मग काय करायचं? व्यायाम हवाच, पण वास घेत चालण्याचा. साध्या कपड्याचा १० मीटर लांबीचा पट्टा, छातीवर 'वाय' आकारात बसणारा हार्नेस, आणि मोकळं मैदान. कुत्रा नाक खाली घालून जिथे जाईल तिथे आपण मागून जायचं. लांब पट्टा कधीही गळ्यातल्या कॉलरला लावायचा नाही. कुत्रा वेगात धावला आणि पट्टा संपला की मानेला झटका बसतो. आपोआप गुंडाळणारा डबीचा पट्टा वापरू नका. सततच्या ताणामुळे ओढायची सवय लागते आणि हातातून डबी सुटली की ती खडखडत मागे येते. कुत्रा तिलाच घाबरून पळत सुटतो.

जेवण वाडग्यात देणं बंद करा. अर्धं गवतात किंवा जुन्या टॉवेलच्या घड्यांत विखरून द्या, पाव भाग पोकळ रबरी खेळण्यात दही-भात किंवा भिजवलेल्या खाण्याबरोबर भरून फ्रीझरमध्ये गोठवून द्या, उरलेला पाव भाग शिकवण्यासाठी खिशात. चाटणं, चावणं, हुंगणं यांनी कुत्रा शांत होतो. कांदा, मनुका, द्राक्षं, चॉकलेट आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) असलेलं पीनट बटर मात्र चुकूनही नको. शिजवलेली हाडंही नकोत. त्यांच्या चिरफाळ्या होतात.

शिकवायच्या गोष्टी सुरुवातीला तीनच. चटईवर बसून राहणं, चारही पाय जमिनीवर असतील तरच माणूस लक्ष देईल हे कळणं, आणि सैल पट्ट्यावर चालणं. चटईचं उदाहरण घ्या. चटई टाकली, त्याने एक पाय ठेवला, 'शाब्बास' म्हणून चवळीच्या दाण्याएवढा पनीरचा तुकडा चटईवरच, हातात नव्हे. मग दोन पाय, मग बसणं, मग हनुवटी टेकवणं. एका वेळी तीन ते पाच मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. हनुवटी टेकवून श्वास संथ झाला की पुढचा तुकडा. चूक कुठे होते? घाईने तुकडे दिले की कुत्रा आणखी चेकाळतो. तुकडा सावकाश, खाली ठेवून द्यायचा.

आणि झोप. प्रौढ कुत्रा दिवसात बारा ते चौदा तास झोपतो. शेल्टरच्या पिंजऱ्यांत ओरडण्याची पातळी १०० डेसिबलच्या पुढे गेल्याच्या नोंदी आहेत. तिथे कोण झोपणार? पिंजऱ्यापाशी उड्या मारणारा, गोल-गोल फिरणारा कुत्रा पाहून 'हा असाच आहे' असं ठरवू नका. अमेरिकेतल्या शेल्टरांत २०१९ मध्ये झालेल्या अभ्यासात एक-दोन रात्री माणसाच्या घरी झोपायला गेलेल्या कुत्र्यांचं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, त्या काळात घटलं, आणि परत आल्यावर पुन्हा आधीच्या पातळीवर गेलं. त्याच संशोधकांच्या २०२३ च्या अभ्यासात असं दिसलं की थोडा वेळ बाहेर फिरून आलेले कुत्रे दत्तक जाण्याची शक्यता पाच पटींनी, आणि थोडे दिवस फॉस्टर घरी राहिलेल्यांची चौदा पटींहून जास्त होती. आपल्याकडे शेल्टरांना फॉस्टर मिळत नाहीत ही रड आहे, ठीक. पण शुक्रवार संध्याकाळ ते रविवार सकाळ एवढंच मागा, लोक देतात. शिवाय त्या दोन रात्रींत कुत्र्याबद्दल जे कळतं ते पिंजऱ्याबाहेर उभं राहून महिनाभरात कळत नाही: एकटा ठेवल्यावर काय करतो, रात्री सलग झोपतो का, कुकरच्या शिट्टीला दचकतो का.

जाहिरात लिहिताना विशेषणं गाळा. 'अतिशय प्रेमळ, खेळकर, सुंदर लॅब' एवढं वाचून फोन येतात ते पिल्लं काढणाऱ्यांचे. म्हणून नसबंदी आधी, जाहिरात नंतर. जखम भरायला १० ते १४ दिवस द्या. मजकूर असा असावा: 'दीड वर्षाचा नर, २८ किलो, नसबंदी व लसीकरण पूर्ण. ओळखीच्या माणसांवर उडी मारतो, शिकवणं चालू आहे. चार तास एकटा राहतो. आठ वर्षांखालच्या मुलांच्या घरी देणार नाही. रोज दीड तास बाहेर नेणारं माणूस हवं.' फोन कमी येतील. येतील ते कामाचे असतील.

घर निवडताना लोक आधी चौरस फूट विचारतात. मला बंगल्याचं आकर्षण कळत नाही. बंगल्याच्या आवारात सोडलेला कुत्रा आठ तास फाटकाशी भुंकतो, आणि त्यालाच 'मोकळीक' म्हणतात. त्याऐवजी घरच्यांचं वेळापत्रक मागा: सोमवार ते रविवार, कोण किती वाजता निघतं, कोण किती वाजता येतं. सकाळी साडेसहाला पट्टा कोणाच्या हातात असेल, त्या माणसाचं नाव. ते माणूस मुलाखतीला आलेलं नसेल तर मुलाखत झालेली नाही. सासूबाई किंवा आजी-आजोबा घरी असतील तर त्यांच्याशी वेगळं बोला, कारण दुपारभर कुत्रा त्यांच्याबरोबर असणार. भाड्याच्या घरात घरमालकाची लेखी परवानगी. सोसायटी कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालू शकत नाही, लिफ्टही नाकारू शकत नाही, हे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे. त्याची प्रत कुटुंबाला द्या. गॅलरीच्या गजांत कुत्र्याचं डोकं जातं का, हे प्रत्यक्ष जाऊन पाहा.

पाठवण्याची वेळही पाहा. गणपतीच्या दहा दिवसांत आणि दिवाळीच्या आधी तीन आठवडे कुत्रा नव्या घरी पाठवू नये. नव्या घरातले पहिले दिवस पळून जाण्याच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचे. त्यात ढोल आणि सुतळी बॉम्ब नकोत. मे महिन्यात डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवता आली नाही तर फिरणं रद्द. हस्कीला तर उन्हं वर येण्याआधीच.

पहिले तीन दिवस पाहुणे नाहीत, आंघोळ नाही, बाजारात मिरवणं नाही. बाहेर नेताना दोन पट्टे, एक हार्नेसला आणि एक कॉलरला. कॉलरवर फोन नंबर कोरलेला बिल्ला घरातून निघण्याआधीच. रात्री अंथरूण माणसांच्याच खोलीत. एकटं ठेवण्याचा सराव तीस सेकंदांपासून, जुना फोन कॅमेरा म्हणून लावून. दाराकडे पाहत धापा टाकणं किंवा लाळ गळणं दिसलं की वेळ कमी करायची. शेल्टरने फोन करायचा तो दुसऱ्या दिवशी, आठव्या दिवशी आणि तिसऱ्या आठवड्यात. तिसरा फोन चुकवू नका. तोवर कुत्रा बुजरेपणा टाकून खऱ्या स्वभावावर येतो आणि घरच्यांचा उत्साह संपलेला असतो. 'सगळं ठीक?' असं विचारलं की 'हो' येतं. 'काल सकाळी कोणी फिरवलं?' हे विचारा.

परत घेण्याची अट करारात ठेवा आणि ती धमकीसारखी वाचून दाखवू नका. परत आलेला कुत्रा नवी माहिती घेऊन येतो. ती लिहून घ्यायची आणि जाहिरात बदलायची.

एक चिठ्ठी आली आहे: 'सोबतीला दुसरा कुत्रा आणला तर हा शांत होईल का?' बहुतेकदा नाही. तुमच्याकडे दोन न शिकलेले कुत्रे होतील आणि ते एकमेकांना चेकाळवतील. पहिला चटईवर वीस मिनिटं पडून राहू लागला, एकटा चार तास राहू लागला, की मग विचार करा. भेट घरात नको. मोकळ्या रस्त्यावर, दोन माणसं, दोन पट्टे, मध्ये दहा मीटर अंतर ठेवून एकाच दिशेने चाला. दोघांचे पट्टे सैल राहिले तर अंतर कमी करत आणा. आणि घरी आल्यावर पहिले दोन आठवडे दोघांचं जेवण वेगवेगळ्या खोल्यांत, दार लावून.