गिअरबॉक्सला विचारून

(पडद्यावर: पहाटेचा इंटरस्टेट ७०. डोंगरावर चढत गेलेली लाल दिव्यांची रांग.)

कोलोरॅडोतलं सिल्व्हरथॉर्न गाव मागे पडलं की इंटरस्टेट ७० थेट डोंगराच्या अंगावर चढतो. सुमारे तेरा किलोमीटरचा चढ, कित्येक ठिकाणी सात टक्क्यांचा. शंभर मीटर पुढे गेलात की सात मीटर वर. माथ्यावर आयझेनहॉवर बोगदा, समुद्रसपाटीपासून ११,१५८ फूट. कळसूबाईवर दुसरं कळसूबाई उभं केलं तरी साडेतीनशे फूट कमी पडतील. हवा इतकी विरळ की समुद्रकाठच्या तुलनेत जवळपास तीस टक्के कमी.

दोन वर्षांपूर्वी, ऑगस्टमधल्या एका रविवारी, याच चढावर माझी गाडी तिसऱ्या गिअरमध्ये अडकली.

गाडी २००५ची शेव्हरोले सिल्व्हराडो २५०० एचडी. बॉनेटखाली ६.६ लिटरचं ड्युरामॅक्स डिझेल इंजिन, त्याला जोडलेला ॲलिसन १००० हा पाच गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. मागे राहण्याचा ट्रेलर, आत चार जणांचं आठवड्याचं सामान. सगळं मिळून सात टन. अर्धा चढ झाला होता. इंजिन एकदम वर ओरडलं, पण वेग वाढला नाही. मग एक धक्का बसला, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला आणि गाडी तिसऱ्यातून हलेना. ताशी चाळीस मैलांनी, चारही इंडिकेटर लावून, उजव्या लेनमधून आम्ही बोगद्यापर्यंत पोचलो. मुलं मागे गप्प बसली होती.

त्याच्या दीड महिना आधी मी इंजिनाला एक ट्यूनिंग बॉक्स लावला होता. शंभर हॉर्सपॉवर वाढतील, असं त्याच्या खोक्यावर लिहिलं होतं. आणि इंजिनाची ताकद खरोखरच वाढली होती. आज मी सांगणार आहे ते यानंतरचं: तो बॉक्स काढून टाकल्यावर नवा ट्यूनर, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचा हिशेब बदलून ताकद वाढवणारं साधन, निवडताना मी काय शिकलो ते.

(पडद्यावर: उघडं बॉनेट. कॅमेरा इंधनाच्या रेलवरून तारांच्या जुडग्याकडे सरकतो.)

आधी तो बॉक्स काय करत होता ते पाहू, कारण सगळी गोष्ट तिथेच आहे.

या इंजिनात डिझेल एका जाड नळीत प्रचंड दाबाखाली साठवलेलं असतं. दाब १,६०० बारपर्यंत जातो. त्या नळीवर दाब मोजणारा सेन्सर असतो. तो इंजिनाच्या कॉम्प्युटरला सांगत राहतो, आता इतका दाब आहे, आता इतका. माझा बॉक्स या दोघांच्या मधे बसला होता. सेन्सरचा खरा आकडा तो कमी करून पुढे पाठवायचा. कॉम्प्युटरला वाटायचं, दाब कमी पडतोय, वाढवू या. दाब वाढला की तेवढ्याच वेळात जास्त डिझेल आत जाणार, जास्त ताकद निघणार.

पण इंजिनाचा कॉम्प्युटर एकटा नसतो. गिअरबॉक्सला स्वतःचा कॉम्प्युटर आहे आणि हे दोघे क्षणाक्षणाला बोलत असतात. इंजिन सांगतं, मी आत्ता इतका टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देतोय. त्यावरून गिअरबॉक्स ठरवतो की गिअर पकडून ठेवणाऱ्या आतल्या क्लच प्लेटा किती तेलाच्या दाबाने आवळून धरायच्या. टॉर्क जास्त, तर दाब जास्त.

आता बघा. माझ्या इंजिनाला स्वतःलाच माहीत नव्हतं की ते किती ओढतंय. ते गिअरबॉक्सला जुनाच, कमी आकडा सांगत होतं. गिअरबॉक्स त्या आकड्यावर विश्वास ठेवून क्लच बेताचाच आवळत होता. सपाट रस्त्यावर निभावलं. सात टनांनिशी चढावर प्लेटा घसरल्या. ॲलिसनचा कॉम्प्युटर आत येणारे आणि बाहेर जाणारे फेरे सतत ताडून बघतो. हिशेब जुळेना तेव्हा त्याने स्वतःला वाचवण्यासाठी तिसरा गिअर पकडला आणि सोडला नाही. त्या दिवशी त्या गिअरबॉक्सने आम्हाला घरी आणलं, हे मी आजही मानतो.

माझे मामा पुणे–सातारा रस्त्यावर ट्रक चालवायचे. त्या रात्री त्यांना फोन केला. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "प्लेटा जळाल्याचा वास आला का रे?" आला नव्हता. "मग देवाची कृपा. पुढच्या वेळी गाडीची ताकद वाढवायच्या आधी क्लचला विचार."

खंबाटकीच्या घाटात आयुष्य गेलेल्या माणसाचं हे बोलणं. ट्यूनर निवडण्याबद्दल मी नंतर जे काही वाचलं, ऐकलं, त्यात याच्याइतकं नेमकं काही सापडलं नाही.

(पडद्यावर: वर्कशॉप. रोलरवर चढवलेला ट्रक, चाकं फिरताहेत.)

अमेरिकेत पिकअपसाठी ट्यूनर शोधायला निघालात की तीन प्रकार समोर येतात. मधे बसणाऱ्या बॉक्सचं वर सांगितलं. दुसरा, हातात धरायचा प्रोग्रॅमर. १९९६ पासून इथल्या जवळपास प्रत्येक गाडीत स्टिअरिंगखाली निदानासाठीचं सॉकेट असतं. प्रोग्रॅमर त्यात खोचायचा. तो इंजिन कसं चालवायचं ते ठरवणारी कॉम्प्युटरमधली मूळ फाइल स्वतःकडे काढून ठेवतो आणि जागी नवी लिहितो. तिसरा प्रकार म्हणजे जाणकार माणसाने तुमच्याच गाडीसाठी बसून लिहिलेली फाइल. ड्युरामॅक्सवाल्यांत त्यासाठी न्यूझीलंडचं ईएफआय लाइव्ह हे सॉफ्टवेअर फार चालतं.

शेवटच्या दोन्ही प्रकारांत मूळ फाइलच बदलते, त्यामुळे टॉर्कचा हिशेबही बरोबरीने बदलता येतो. 'येतो' हा शब्द मी मुद्दाम वापरला. इंजिनाची फाइल लिहून गिअरबॉक्सला हातही न लावणारे ट्यूनर भरपूर आहेत. म्हणून माझा पहिला प्रश्न हाच असतो: गिअरबॉक्सची फाइल वेगळी मिळते का, आणि ती कोणत्या ताकदीला धरून लिहिली आहे? उत्तर गोलमोल आलं तर मी तिथून उठतो.

डेन्व्हरच्या उत्तरेला एका छोट्या गॅरेजमध्ये मला हवा तसा माणूस मिळाला. किंमत सांगायच्या आधी त्याने मलाच प्रश्न विचारले. ट्रेलर किती वजनाचा? मागच्या ॲक्सलचं गुणोत्तर काय? गिअरबॉक्स कधी उघडला होता का? टायर मूळचेच आहेत का?

टायरच्या प्रश्नावर मी थबकलो. मूळचे २४५/७५ आर १६ काढून मी २८५/७५ आर १६ टाकले होते. दिसायला रुबाबदार. त्याने कागदावर गणित मांडलं. व्यास साडेतीस इंचांवरून जवळपास तेहेतीसवर गेला होता, म्हणजे पावणेआठ टक्के वाढ. स्पीडोमीटर साठ दाखवत असताना मी खरा साडेचौसष्टने जात होतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे माझा ३.७३ चा ॲक्सल, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला दांड्याचे ३.७३ फेरे, आता ३.४६ असल्यासारखा वागत होता. प्रत्येक गिअर थोडा उंच, म्हणजे चढावर ओढायला कमी जोराचा, झाला होता. चढावर गाडी दमते म्हणून मी बॉक्स घेतला होता, आणि तिला दमवलं होतं माझ्याच टायरांनी.

मग त्याने दुसरं गणित मांडलं. सात टन वजन, सात टक्के चढ, ताशी साठ मैल. नुसतं वर चढायला किती ताकद लागते? सुमारे १७३ हॉर्सपॉवर. त्यात वारा कापण्याची आणि टायरांची भर घाला, तरी हवा दाबून इंजिनात भरणारा टर्बो विरळ हवेतही सांभाळून घेतो. माझं इंजिन कारखान्यातूनच ३१० हॉर्सपॉवरचं होतं. "तुला शंभर नकोत," तो म्हणाला. "तुला चाळीस हवेत, आणि चौथा गिअर घट्ट धरून ठेवणारा गिअरबॉक्स हवाय."

(पडद्यावर: लॅपटॉपवर आकड्यांचा तक्ता. एक बोट एका रकान्यावर थांबतं.)

चौथाच का? ॲलिसनच्या या पाच गिअरांत चौथा म्हणजे एकास एक: जितके फेरे आत, तितकेच बाहेर. त्यात साठ मैलांना माझं इंजिन २,३०० फेऱ्यांच्या आसपास फिरतं. आणि टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारा तेलाने भरलेला भाग, लॉक झालेला असेल, तर इंजिन आणि गिअरबॉक्स जणू एकाच दांड्यावर फिरतात. कन्व्हर्टर सुटला की दोघांच्या मधे फक्त तेल उरतं. ते तेल घुसळलं जातं, तापतं, आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा सगळ्यात मोठा शत्रू तीच उष्णता. चढावर दर दोन मिनिटांनी पाचवा-चौथा, पाचवा-चौथा करणारी गाडी प्रत्येक बदलाला प्लेटा झिजवते आणि तेल तापवते.

म्हणून माझ्या गिअरबॉक्सच्या फाइलमध्ये चार गोष्टी बदलल्या. टायरचा खरा आकार कळवला. ओझं असताना पाचवा उशिरा पडेल असं केलं. कन्व्हर्टर लवकर लॉक होईल आणि सहज सुटणार नाही असं केलं. आणि क्लच आवळण्याचा दाब इंजिनाच्या नव्या, खऱ्या टॉर्कशी जुळवला. गिअर बदलताना इंजिन क्षणभर ताकद आवरतं. त्याला गॅरेजवाल्याने हात लावला नाही. काही ट्यूनर तेही काढून टाकतात. गिअर खटकन पडतो, चालवणाऱ्याला मजा येते, पण त्या झटक्याचा मार प्लेटांवर बसतो.

एका गोष्टीचा मला मोह झाला होता. डॅशबोर्डवर पाच खटक्यांचं बटण बसवायचं आणि चालता चालता ताकद बदलायची. तो म्हणाला, बटण फिरवलं की तुझ्या गाडीत इंजिनाची फाइल बदलेल, गिअरबॉक्सची तीच राहील. पाचांपैकी एकाच खटक्यावर दोघांचं जुळेल. मी बटण घेतलं नाही.

(पडद्यावर: डेन्व्हरवरची दुपार. क्षितिजावर तपकिरी धुरकट पट्टा.)

आता एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

अमेरिकेत डिझेल पिकअपचा ट्यूनर म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांसमोर धूर गाळणारी यंत्रणा काढून टाकणं येतं. फिल्टर कापायचा, युरियाची फवारणी बंद करायची आणि कॉम्प्युटरने कुरकुर करू नये म्हणून फाइल बदलायची. क्लीन एअर ॲक्ट या कायद्याने याला बंदी आहे. फाइलवर 'फक्त स्पर्धेसाठी' असं लिहिल्याने रस्त्यावरची गाडी त्यातून सुटत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने नोव्हेंबर २०२० मध्ये मोजदाद मांडली होती. आधीच्या दहाएक वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपची ही यंत्रणा काढली गेली होती. त्या गाड्या आपल्या आयुष्यात ५ लाख ७० हजार टन जास्तीचे नायट्रोजन ऑक्साइड हवेत सोडतील, असा त्यांचा अंदाज होता.

हेच ऑक्साइड उन्हात ओझोन तयार करतात. डेन्व्हरच्या उन्हाळ्यात ओझोनच्या इशाऱ्याचे दिवस येतात. त्या दिवशी माझ्या धाकटीला दुपारी मैदानावर जाता येत नाही. तिला दमा आहे. माझ्या चढासाठी तिचा श्वास मी वापरणार नाही.

त्यामुळे मी खोक्यावर आणखी एक गोष्ट शोधतो: कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने दिलेला ईओ क्रमांक. या गाडीवर हे उपकरण लावल्याने प्रदूषणाची यंत्रणा बिघडत नाही, हे तपासून तो दिला जातो. क्रमांक उपकरणाबरोबर गाडीच्या मॉडेलला आणि वर्षालाही बांधलेला असतो, म्हणून यादीत आपलं वर्ष आहे का ते बघावं लागतं. माझं होतं. मी तो हातातला प्रोग्रॅमर घेतला, इंजिनासाठी त्यातली सगळ्यात सौम्य, ओझं ओढण्याची फाइल निवडली आणि गिअरबॉक्सचं काम त्या माणसाकडून करून घेतलं.

गाडी वॉरंटीत असेल तर वेगळा विचार करा. १९७५च्या मॅग्नसन-मॉस कायद्यामुळे बाहेरचा भाग लावला एवढ्यावरून कंपनी सगळी वॉरंटी रद्द करू शकत नाही. बिघाड त्यामुळेच झाला हे दाखवावं लागतं. पण फाइल बदलली की कॉम्प्युटरमधला पडताळणी क्रमांक बदलतो, आणि गिअरबॉक्स जळाल्यावर वाद घालायला तुमच्याकडे फारसं काही उरत नाही. २०१७च्या ड्युरामॅक्सला तर कारखान्यातूनच ४४५ हॉर्सपॉवर मिळाले. ओझं ओढायला एवढे पुरेसे आहेत. अशा गाडीला मी ट्यूनर लावणार नाही.

(पडद्यावर: खांबावर बसवलेला तापमापक. सुई हळूहळू वर.)

ट्यूनरच्या आधी मी एक्झॉस्टचा तापमापक बसवला, आणि पैसे तोकडे असतील तर कुणीही आधी हाच बसवावा. जास्त डिझेल म्हणजे जास्त उष्णता. ओढताना १,२५० फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे ६७५ सेल्सियसच्या वर फार वेळ राहू नये, असं इथले मेकॅनिक सांगतात. पिस्टन ॲल्युमिनियमचे आहेत आणि ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. खालून तेलाचा फवारा त्यांना थंड ठेवतो म्हणून ते तगतात. सुई त्या खुणेकडे सरकली की पाय उचलायचा. कुठलीही फाइल ते काम तुमच्यासाठी करत नाही.

फाइल भरल्यावर पहिले दोन आठवडे मी रिकामी गाडी शांतपणे चालवली. ॲलिसन प्रत्येक क्लच भरायला किती वेळ लागतो ते स्वतः शिकतो, आणि नव्या फाइलनंतर त्याला पुन्हा शिकावं लागतं. सुरुवातीला दुसरा-तिसरा जरा अडखळत पडायचा. मग एक दिवस लक्षात आलं की गिअर कधी बदलला ते कळलंच नाही.

(पडद्यावर: पुन्हा तोच चढ. या वेळी कॅमेरा गाडीच्या आत.)

गेल्या सप्टेंबरात आम्ही परत सिल्व्हरथॉर्नहून निघालो. तोच ट्रेलर, तेवढंच ओझं. पायथ्याशी टो-हॉलचं, म्हणजे ओझं ओढण्यासाठीचं, बटण दाबलं. चौथा पडला, लॉक झाला, फेऱ्यांचा काटा दोन हजारांच्या आसपास आला आणि तिथेच राहिला. पन्नास-पंचावन्न मैलांचा वेग. एक्झॉस्टची सुई १,१५० ला पोचली, दोनदा १,२०० ला शिवली. दोन्ही वेळा मी पाय थोडा सैल केला. मागच्या आरशात धूर नव्हता.

बोगद्याच्या पलीकडे उतार लागला. ब्रेकला हलका स्पर्श केला तशी गाडी स्वतःहून खालच्या गिअरला आली आणि इंजिनाने ओझं धरून ठेवलं. जॉर्जटाऊनला पेट्रोल पंपावर थांबलो. धाकटीने विचारलं, "बाबा, चाकाजवळ हात का नेताय?"

हाताला चाकाची ऊब लागत होती, तेवढीच.