थंडी सरताना

(दृश्य: करड्या आभाळापुढे एक उघडी फांदी. वाऱ्याचा आवाज.)

बर्फाची नवलाई संपलेली असते आणि फुलांचा अजून पत्ता नसतो. अशा दिवसांत कॅमेरा घेऊन बाहेर पडणारे थोडेच. समोर असतो तो चिखल, मळकट बर्फ आणि नुसत्या काटक्या. याचा फोटो काय काढायचा?

आता मॅक्रो लेन्स, म्हणजे अगदी जवळून टिपणारी लेन्स लावू आणि याच फांदीच्या टोकाशी जाऊ.

(दृश्य: कळीचा क्लोजअप. खवल्यांच्या कडांवर दहिवर.)

ही कळी आजकालची नाही. गेल्या उन्हाळ्यात झाड पानांनी भरलेलं होतं, तेव्हाच ती धरली. आत इवल्या पानांच्या घड्या आहेत, वरून खवल्यांचं चिलखत. शिशिरभर ज्याला आपण वठलेलं झाड समजत होतो, त्याच्या अंगावर पुढचा वसंत तेव्हाही होताच.

खरी गंमत पुढे आहे. सफरचंद, चेरी यांसारख्या थंड प्रदेशातल्या झाडांच्या कळ्यांना ठरावीक काळ थंडी मिळावीच लागते. ती कमी पडली, तर ऊब आली तरी कळ्या धड फुटत नाहीत. कुठे उशिरा, कुठे तुरळक. जे दिवस कधी एकदा सरतात असं आपल्याला झालं होतं, ते झाडाच्या खात्यात जमा होत होते. ‘धीर धरा, चांगले दिवस येतील’ हे वाक्य मला कायम पोकळ वाटत आलंय. ही कळी फोकसमध्ये आली की मात्र काहीतरी हाताला लागल्यासारखं वाटतं, कारण इथे धीराला पुरावा आहे.

थंडीकडेच डोळे लावून बसलेला एक माणूस होऊन गेला. विल्सन बेंटली, अमेरिकेतल्या व्हरमाँटचा शेतकरी. १८८५ साली त्याने सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमकणाचा फोटो घेतला. मग आयुष्यभर तो तेच करत राहिला. हिमकण विरघळायच्या आत टिपलेले असे ५,००० हून अधिक फोटो त्याच्या नावावर आहेत.

(दृश्य: बर्फातून वर आलेली स्नोड्रॉपची फुलं.)

स्नोड्रॉपसाठी मात्र पोटावर आडवं व्हावं लागतं. उभ्याने काढलेल्या फोटोत फुलाची फक्त पाठ येते, कारण ते मान खाली घालूनच असतं. बर्फावर कॅमेरा हमखास फसतो. एवढा पांढरा रंग त्याच्या हिशेबात बसत नाही, म्हणून तो सगळं राखाडी करून टाकतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, एक-दोन स्टॉप (प्रत्येक स्टॉपला दुप्पट) वाढवलं की बर्फ पुन्हा बर्फासारखा दिसतो. बॅटरी मात्र खिशातच ठेवा, अंगाच्या उबेला. गारठ्यात ती भराभर उतरते.

कडक गारठ्याच्या पहाटे स्नोड्रॉपची ही रोपं जमिनीवर लोळण घेतात. पाहणाऱ्याला वाटतं, संपलं सगळं. ट्रायपॉड हलवू नका. ऊन वर आलं, पेशींतलं पाणी पुन्हा वाहतं झालं, की तीच रोपं ताठ उभी राहतात. एकाच फ्रेमचे दोन फोटो, मध्ये काही तासांचं अंतर. माझ्या मते या हंगामात यापेक्षा मोलाची जोडी दुसरी नाही. एकट्या कुठल्याच फोटोला तेवढा अर्थ नाही.

हेझलच्या झुडपाला लोंबणारे पिवळे तुरे सगळ्यांनाच दिसतात. त्याचं मादी फूल जेमतेम काही मिलिमीटरचं, कळीच्या टोकातून डोकावणारे लालभडक तंतू. नजर बसेपर्यंत शोधत राहायचं. एकदा का ते सापडलं, की प्रत्येक फांदीवर दिसू लागतं.

(दृश्य: तिरकं, सोनेरी ऊन. झाडांच्या लांब सावल्या.)

या तिरक्या उन्हाला फार मुदत नसते. दिवस सर्वांत वेगाने वाढतो तो मार्चमधल्या विषुवदिनाच्या, म्हणजे दिवस-रात्र सारखे होतात त्या दिवसाच्या, आसपास. उत्तर गोलार्धात ५० अंश अक्षांशावर मार्चमध्ये तो रोज जवळपास चार मिनिटांनी लांबतो, आणि आठवड्याभरात सूर्योदय पाव तास अलीकडे सरकतो. तेव्हा उद्याचा गजर आजच्यापेक्षा थोडा आधीचा लावा.